संशयाचा पहिला मानकरी

19 ऑक्टोबर 2025 रोजी सकाळी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात चोर शिरले आणि आठ मिनिटांच्या आत फ्रान्सच्या राजघराण्यांचे आठ अलंकार घेऊन गेले. सरकारी वकिलांनी त्यांची किंमत 8 कोटी 80 लाख युरो सांगितली. सम्राज्ञी युजेनीचा मुकुट चोरांच्या हातून बाहेरच पडला आणि चेपलेल्या अवस्थेत सापडला. त्या दिवशीच्या एका वृत्तछायाचित्रात पोलिसांच्या गाडीशेजारून एक तरुण चाललेला दिसतो: फेल्ट हॅट, वेस्टकोट, नीट बांधलेला टाय. हाच तपासावरचा गुप्तहेर, असे जगभरच्या लोकांनी ठरवून टाकले. प्रत्यक्षात तो संग्रहालय पाहायला आलेला आणि ते बंद असल्यामुळे हिरमुसलेला पंधरा वर्षांचा मुलगा होता, हे काही आठवड्यांनी उघड झाले. तोवर वाद पेटलेला होता. एका बाजूचे म्हणणे असे की, ऐटबाज हौशी गुप्तहेर आणि श्रीमंतांच्या रत्नहारांच्या चोऱ्या हे जुने, सरंजामी, गोडगुलाबी स्वप्न आहे आणि ते लोकांना खऱ्या गुन्ह्याविषयी आंधळे करते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, करमणुकीला करमणूक म्हणून पाहा, तिची उलटतपासणी करू नका.

माझ्या मते दोन्ही बाजू टोपीवरून भांडत आहेत आणि टोपीखाली काय आहे ते कोणीच पाहत नाही. रत्नचोरीची हेरकथा वरकरणी रत्नाची असते, पण तिचा खरा विषय संशय हा असतो. घरातली मौल्यवान वस्तू नाहीशी झाली की पहिले बोट कुणाकडे वळते, कुणाकडे कधीच वळत नाही आणि ते वळवण्याचा अधिकार कुणाला असतो, हे तीन प्रश्न तिने जितक्या चिकाटीने विचारले आहेत तितके फार थोड्या साहित्यप्रकारांनी विचारले असतील. म्हणून तिला उथळ म्हणणे मला मान्य नाही. तिच्यात दोष नाही असे मात्र मी म्हणत नाही. तो दोष टीकाकार शोधतात तिथे नाही, इतकेच.

आधी जे मान्य करायला हवे ते मान्य करू. प्रत्यक्षात हौशी गुप्तहेर रत्नचोऱ्या सोडवत नाहीत. त्या सोडवतात पोलीस, त्यांचे खबरे, विमा कंपन्यांचे तपासनीस आणि पुष्कळदा चोरांचा गाफीलपणा. लूव्रचे संशयित सापडले ते मागे सोडलेल्या सामानावरच्या डीएनएमुळे, आणि हे लोक संघटित गुन्हेगारीच्या वरच्या वर्तुळातले नव्हेत, असे सरकारी वकिलांनीच सांगितले. अमावस्येच्या रात्री काळे हातमोजे घालून छपरावरून उतरणारा रुबाबदार चोर तिथे कुठेच नव्हता. 1913 साली पॅरिसहून लंडनला रजिस्टर टपालाने पाठवलेला अत्यंत मौल्यवान मोत्यांचा हार वाटेत नाहीसा झाला आणि पार्सलातून साखरेचे खडे निघाले. त्या प्रकरणात पोलिसांबाहेरच्या माणसांनी मदत केली हे खरे, पण ती माणसे जवाहिरांच्या व्यवसायातली होती, मोठ्या बक्षिसाच्या आशेने पुढे आलेली होती आणि खोटे गिऱ्हाईक बनून त्यांनी टोळीला जाळ्यात आणले. पुढे ते मोती लंडनच्या एका रस्त्याकडेला, काडेपेटीत, कामावर निघालेल्या एका कारागिराला सापडले आणि त्याला ते नकली वाटले. ही हकीकत कुठल्याही कादंबरीपेक्षा मजेदार आहे, पण तिच्यात दिवाणखाना नाही आणि रेशमी रुमालाचा नायकही नाही.

मग हा नायक कुठून आला? तो खुशामतीतून आला असे टीकाकार समजतात. इतिहास वेगळे सांगतो. लंडनच्या पोलीस दलात गुप्तहेरांची वेगळी शाखा 1842 साली सुरू झाली. तिच्यात पहिल्या दिवसापासून असलेला जोनाथन विचर हा एका माळ्याचा मुलगा. 1860 साली इंग्लंडमधल्या रोड या गावातल्या एका प्रतिष्ठित घरात लहान मुलाचा खून झाला. स्थानिक पोलिसांनी प्रथम धरले ते मुलाच्या दाईला. विचर लंडनहून आला, त्याने कपड्यांच्या यादीतून एक रात्रीचा झगा नाहीसा झाल्याचे हेरले आणि घरातल्या सोळा वर्षांच्या मुलीवर संशय घेतला. लोक खवळले. एका सद्गृहस्थाच्या मुलीच्या कपाटात डोकावण्याचा या पगारी माणसाला काय अधिकार, असा सूर निघाला. मुलगी सुटली, विचरची कारकीर्द झाकोळली. पाच वर्षांनी, 1865 साली, त्या मुलीने स्वतःहून कबुली दिली. विचरचा तर्क बरोबर होता. चुकीची होती ती त्याची पायरी.

तीनच वर्षांनी, 1868 साली, इंग्रजीतली पहिली मोठी हेरकादंबरी म्हणून जी ओळखली जाते ती ‘मूनस्टोन’ प्रसिद्ध झाली आणि तिने विचरचा तो झगा खुनाच्या जागेवरून उचलून हिऱ्याच्या चोरीत आणून ठेवला. तिथे पहिला पोलीस अधिकारी येतो आणि नोकरांशी चोर असल्यासारखा वागतो. दुसरा, अधिक शहाणा अधिकारी म्हणतो की झडती घ्यायची तर वरच्या मजल्यापासून तळघरापर्यंत सर्वांच्या कपड्यांची घ्या. नोकर तयार होतात, मालकीण तयार होते आणि नकार येतो तो घरच्या मुलीकडून. रत्नचोरीच्या कथेने आपल्या बालपणीच केलेला हा प्रयोग मला विलक्षण वाटतो. ज्याच्याकडे लपवण्याजोगे काही नाही त्यालाही झडतीचा अपमान सोसावा लागतो आणि ज्याला झडती नाकारता येते त्याचा नकार हा स्वाभिमान ठरतो. मोलकरणीने नकार दिला असता तर त्याला काय नाव मिळाले असते? (दीडशे वर्षे उलटून गेल्यामुळे रहस्य फोडल्याचे पाप लागणार नाही, म्हणून सांगतो: शेवटी रत्न पळवणारा निघतो तो धर्मादाय कामात अग्रेसर असलेला एक सभ्य गृहस्थ.)

संशयाची ही उतरण विलायतेतच सापडते असे नाही. मृच्छकटिकात वसंतसेनेने चारुदत्ताकडे ठेव म्हणून ठेवलेले अलंकार चोरीला जातात तेव्हा चारुदत्ताला चोरीपेक्षा मोठी भीती कोणती वाटते? खरे सांगितले तरी कोण विश्वास ठेवणार, ही. या जगात दारिद्र्यावरच संशय येतो, असे तो म्हणतो. पुढे वसंतसेनेच्या खुनाचा आळ त्याच्यावर येतो, न्यायसभेत तिचेच अलंकार त्याच्या मित्राच्या काखेतून घरंगळतात आणि चारुदत्ताचा गुन्हा सिद्ध झाल्यासारखा होतो. खरा गुन्हेगार मात्र समोर बसून न्यायाधीशाला धमकावत असतो, कारण तो राजाचा मेहुणा आहे. शाकुंतलाच्या सहाव्या अंकात राजाची अंगठी विकायला आणलेल्या कोळ्याला बांधून, मारत आणतात. माशाच्या पोटात अंगठी सापडली, हे त्याचे म्हणणे कुणालाच पटत नाही, आणि त्याच्या धंद्यावरून त्याची थट्टा होते. तिथला नगररक्षकांचा प्रमुखही राजाचा मेहुणाच. संस्कृत नाटककारांना राजाच्या मेहुण्यांचे एवढे वावडे का होते, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. आपल्यापुरता मुद्दा इतकाच की, ज्यांच्या हाती तपास आहे ते आणि ज्यांच्यावर संशय येऊ शकत नाही ते एकाच घरातले असले, तर कोळ्याने खरे बोलून उपयोग काय?

या कोंडीवर कल्पितसाहित्याने काढलेला तोडगा म्हणजे हौशी गुप्तहेर. त्याचे मोहक असणे हा अलंकार नाही, ते हत्यार आहे. पोलीस मागच्या दाराने आत येतो, टोपी हातात धरून उभा राहतो आणि बाईसाहेबांना प्रश्न विचारण्याआधी परवानगी मागतो. हौशी गुप्तहेर पुढच्या दाराने येतो, पाहुणा म्हणून जेवायला बसतो आणि ज्या वाक्याबद्दल पोलिसाची बदली झाली असती ते वाक्य हसत हसत बोलून जातो. खोटे हिरे कोणते, खरे कुठे गहाण पडले, यजमानांचे कर्ज किती, पुतण्या जुगारात किती हरला, हे त्याला तिथल्या तिथे कळते. या कथांतली चोरी बहुतेक वेळा आतल्या माणसाची निघते, हा योगायोग नव्हे. कुंपणच शेत खात असते. कुंपणाला तसे म्हणणारा माणूस मात्र कुंपणाच्याच जातीचा लागतो. ही व्यवस्था न्याय्य आहे का? नाही. पण ती न्याय्य नाही हे दाखवणारी कथा त्या व्यवस्थेची खुशामत करते, असे कसे म्हणता येईल?

मोहकपणाचे हत्यार दोन्ही हातांनी चालते, हेही खरे. 1785 सालच्या फ्रान्समधल्या प्रसिद्ध कंठाप्रकरणात जान द ला मॉत या बाईने कार्डिनल द रोआँसारख्या मातब्बर धर्माधिकाऱ्याला पटवून दिले की राणी मारी आंत्वानेतला 647 हिऱ्यांचा कंठा गुपचूप विकत हवा आहे. रात्रीच्या बागेत राणीच्या वेषात दुसरीच स्त्री उभी केली गेली, खोट्या सह्या केल्या गेल्या, कंठा हाती आला आणि त्याचे हिरे सुटे करून विकले गेले. कार्डिनलला 15 ऑगस्ट 1785 रोजी अटक झाली आणि पुढच्या मे महिन्यात तो निर्दोष सुटला. बदनाम झाली ती जिचा या व्यवहाराशी संबंधच नव्हता ती राणी. लोक तिच्याविषयी वाटेल ते खरे मानायला तयार होते, म्हणून हेही खरे वाटले. मोहक माणसावर विश्वास ठेवू नका, असा धडा यातून कुणी काढील. मला उलट वाटते की, संशय फक्त खाली वाहतो हे माझे वरचे विधान या प्रकरणामुळे थोडे दुरुस्त करायला हवे. तो नावडत्या माणसाकडे वाहतो. तो माणूस बहुधा गरीब असतो. क्वचित राणीही असते.

विरोधकांचा एक आक्षेप मला याहून भारी वाटतो. ते विचारतात, हा गुप्तहेर काल रात्रीची चोरी शोधतो, पण हिरा मुळात त्या घरात आला कसा हे तो कधी विचारतो का? 1849 साली लाहोरच्या तहाने दहा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून कोहिनूर घेतला गेला, त्या कागदाला चोरी म्हणत नाहीत, तह म्हणतात. उंची दिवाणखान्यांतल्या किती पेट्यांच्या तळाशी असे तह असतील? आक्षेप खरा आहे आणि या परंपरेतल्या शेकडो कथांना तो लागू पडतो. पण तो पहिल्यांदा कुणी घेतला? वर उल्लेख केलेल्या त्याच कादंबरीने. तिची सुरुवात वाढदिवसाच्या मेजवानीने होत नाही. ती होते 1799 साली श्रीरंगपट्टणच्या लुटीत एका इंग्रज अधिकाऱ्याने रक्त सांडून हिरा पळवला तिथून, आणि तिच्या शेवटी हिरा इंग्रज घरात परत येत नाही, तो सोमनाथाच्या देवमूर्तीकडे जातो. वारसदारांनी वाडवडिलांचा प्रश्न टाकून दिला असेल, तर दोष वारसदारांचा. मूळ साच्यात तो प्रश्न होता.

आता ज्याला मी खरा दोष म्हणतो त्याकडे येतो. हौशी गुप्तहेर शोधतो उत्तम, पण शोधल्यावर काय करतो? 1892 सालची शेरलॉक होम्सची मुकुटाची कथा घ्या. होम्स फी घेत असला तरी पोलीस खात्याच्या लेखी तो बाहेरचाच माणूस. देशाची ठेव असलेला मुकुट एका अतिथोर व्यक्तीने खासगी कर्जासाठी सावकाराकडे तारण ठेवलेला असतो. तीन रत्ने जातात, सावकाराचा मुलगा विनाकारण कोठडीत जातो. होम्स खरा चोर शोधतो. तो निघतो एक उमराव. होम्स त्याला खटला न भरण्याचे वचन देतो, रत्ने कुणाकडे गेली ते काढून घेतो, ती तीन हजार पौंडांना परत विकत घेतो आणि प्रकरण मिटते. बदनामी टळली. निरपराध मुलगा सुटला, हे या कथेचे पुण्य. पण तोच चोर उमराव नसून घरातला नोकर असता, तर त्याला वचन मिळाले असते का? त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका रत्नकथेत होम्स हॉटेलच्या एका कर्मचाऱ्यालाही सोडून देतो, हे माझ्या विरोधात जाणारे उदाहरण मी प्रामाणिकपणे नोंदवतो. पण तिथे क्षमा मिळते ती माणूस पायाशी लोळण घेतो तेव्हा. उमरावाला लोळण घ्यावी लागत नाही.

क्षमेला माझा विरोध नाही. क्षमा बंद दाराआड होते, याला आहे. पोलिसाला कागद करावे लागतात, न्यायाधीशाला कारणे द्यावी लागतात; हौशी माणसाला आपल्या सदसद्विवेकाशिवाय कुणालाच जाब द्यावा लागत नाही. अशा बिनजाबाच्या शोधकाचे टोक म्हणजे अठराव्या शतकातला लंडनचा जोनाथन वाइल्ड. चोरीला गेलेला माल परत मिळवून देणारा म्हणून त्याची कीर्ती होती आणि माल चोरणारी टोळीही त्याचीच होती. 1725 साली तो फासावर गेला. चोरीचा माल ‘काही न विचारता’ परत घेण्याच्या जाहिरातींवर इंग्रजी कायद्याने पुढे बंदी घातली ती याच शहाणपणातून: ज्या व्यवहारात कुणी काही विचारत नाही, त्यात चोरी हा किफायतशीर धंदा होतो. आपला मोहक नायक वाइल्ड नव्हे, पण प्रश्न विचारून झाल्यावर दार लावून घेण्याची खोड दोघांची एकच.

यावर टीकाकार म्हणतील, म्हणूनच हौशी मंडळी नकोत, तपास शासनाकडेच असावा. 1907 सालचे डब्लिन त्याचे उत्तर देते. तिथल्या किल्ल्यात, पोलिसांच्या मुख्यालयाजवळच, ठेवलेली आयर्लंडची राजरत्ने राजा सातव्या एडवर्डच्या भेटीच्या काही दिवस आधी नाहीशी झाली. तिजोरी फोडलेली नव्हती, ती किल्लीने उघडलेली होती. 3 जुलैला सकाळी झाडलोट करणाऱ्या बाईला बाहेरचे दार उघडे दिसले. तिने कळवले, रत्नांचे रक्षक सर आर्थर व्हायकर्स यांनी ते मनावर घेतले नाही. 6 जुलैला त्याच बाईला मौल्यवान वस्तूंच्या खोलीचे दारही उघडे आढळले. तिने पुन्हा कळवले. त्या दिवशी तिजोरी रिकामी सापडली. चौकशी समिती नेमली गेली आणि तिने बंद दाराआड काम केले. व्हायकर्सनी उघड चौकशीची मागणी करून समितीपुढे यायला नकार दिला आणि त्यांना पदावरून काढण्यात आले. स्कॉटलंड यार्डच्या अधिकाऱ्याचा अहवाल लोकांपुढे कधी आलाच नाही. संशय उच्चकुलीन मित्रमंडळींभोवती घोटाळत राहिला, कुणावर खटला झाला नाही आणि रत्ने आजतागायत मिळालेली नाहीत. इथे मोहक हौशी गुप्तहेर नव्हता. सगळे पगारी होते, आणि तरी शेवट दिवाणखान्यातल्यासारखाच झाला. दोष टोपीचा नाही, बंद दाराचा आहे, हे यापेक्षा स्पष्ट कसे दिसणार?

दार उघडे ठेवणारा हौशी शोधक कसा असतो, याचा नमुना आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. फक्त त्या गोष्टीला आपण हेरकथा म्हणत नाही. सत्राजिताचा स्यमंतक मणी घालून त्याचा भाऊ प्रसेन शिकारीला गेला आणि परतला नाही. कृष्णाने तो मणी पूर्वी मागितला होता, तेव्हा कृष्णानेच प्रसेनाला मारून मणी घेतला, अशी कुजबूज द्वारकेत सुरू झाली. इथे संशयित समाजातला सर्वांत वजनदार माणूस आहे. त्याने कुजबूज दाबली असती तर कोण काय करणार होते? तो स्वतः शोधाला निघाला आणि भागवतातला तपशील असा की, नगरातल्या लोकांना बरोबर घेऊन निघाला. प्रसेन आणि त्याचा घोडा मरून पडलेले त्यांनी पाहिले, मारणारा सिंह पुढे मेलेला पाहिला, मग जांबवानाच्या गुहेचे तोंड पाहिले. आजच्या भाषेत हा घटनास्थळाचा पंचनामा आहे, आणि संशयितानेच पंच नेलेले आहेत. गुहेत मात्र तो एकटा शिरला आणि अठ्ठावीस दिवस लढला. लोक बारा दिवस वाट पाहून दुःखी होऊन परतले. मणी मिळाल्यावर त्याने सत्राजिताला घरी गाठून समजूत घातली नाही. त्याला राजसभेत बोलावले, मणी कसा मिळाला ते सर्वांसमक्ष सांगितले आणि तिथेच मणी परत केला. सत्राजिताने मान खाली घालून तो घेतला.

लूव्रबाहेरच्या छायाचित्रावर भाळलेल्या लोकांना हसण्याआधी टीकाकारांनी हे लक्षात घ्यावे की, ती माणसे निव्वळ टायवर भाळली नव्हती. गणवेशाबाहेरचा, कुणाच्या हाताखाली नसलेला, कुणालाही प्रश्न विचारू शकणारा माणूस त्या दारापाशी असावा, ही इच्छा त्यात होती, आणि ती भाबडी असली तरी गैर नाही. हेरकथा लिहिणाऱ्यांना मी इतकेच विचारीन की, तुमचा नायक शेवटच्या प्रकरणात सर्वांना दिवाणखान्यात गोळा करतो तेव्हा स्वयंपाकघरातली माणसे कुठे असतात? पहिल्या प्रकरणात ज्यांच्या पेट्या उचकटल्या गेल्या त्यांना चोराचे नाव कळते का, की फक्त इतकेच कळते की आता झडती होणार नाही? शाकुंतलातल्या त्या कोळ्याला राजाने अंगठीच्या मोलाइतके बक्षीस दिले. त्यातले अर्धे त्याने त्याला मारणाऱ्या शिपायांना देऊ केले, त्यांचा प्रमुख लगेच त्याला आपला जिवलग मित्र म्हणू लागला आणि सगळे मिळून गुत्त्याकडे निघाले. त्याला मारले कशासाठी, हे त्या अंकात कुणीच विचारत नाही.